समुद्राचं शेवाळ आणि आपल्या ओसरीवरच्या पिशव्या



दिवाळीनंतरच्या ग्रामसंघाच्या बैठकीत कर्जमागणीचे अर्ज वाचून झाले, तेव्हा एका गटाच्या सचिव ताईंनी पिशवीतून एक काळी बाटली काढून सतरंजीवर ठेवली. म्हणाल्या, "हे पानांवर मारायचं औषध. समुद्रातल्या शेवाळाचं आहे म्हणे. दुकानात महाग पडतं. आम्हाला घरीच करायचंय, आणि बाटल्या भरून विकायचंही आहे. गटातून वीस हजार उचलू का?" त्यावर मागून एक मावशी बोलल्या, "समुद्र कशाला पाहिजे बाई? आपल्या प्रवरासंगमला नदीत ढीगभर शेवाळ पडलंय की!"

सगळ्या हसलो. पण दोन्ही प्रश्न खरे होते आणि मला त्या दिवशी एकाचंही धड उत्तर देता आलं नाही. माझं शिक्षण एमएसडब्ल्यूचं, शेतीचं नाही. त्या अर्जावर निर्णय पुढे ढकलला आणि मी कामाला लागले. वाचलं, विचारलं, स्वतः करून पाहिलं, एकदा एका ताईंची रोपं जाळली (ते पुढे सांगते), आणि आता लिहायला बसले आहे. आपल्यातल्या ज्या ताईंना परसबागेला जागा नाही, ज्या ओसरीवर, पत्र्याच्या शेडखाली, खिडकीत सिमेंटच्या रिकाम्या गोण्या आणि रंगाचे डबे लावून भाजी करतात, त्यांच्यासाठी हे मुख्यतः आहे.

नदीतलं शेवाळ का चालत नाही

आधी मावशींना उत्तर. नदीत, पाटात, हौदात जे हिरवं केसासारखं शेवाळ दिसतं, त्याचं आणि समुद्रातल्या शेवाळाचं नाव एक असलं तरी गुण वेगळे. जलपर्णी तर शेवाळच नाही, ती फुलं येणारी पाणवनस्पती आहे. समुद्रातलं तपकिरी शेवाळ खाऱ्या पाण्यात वाढतं, दिवसरात्र लाटांचा मार खातं, ओहोटी लागली की तासन् तास उन्हात उघडं पडतं. तरी ते तग धरतं, कारण त्याच्या अंगात तशा वस्तू असतात. अल्जिनेट नावाचा बुळबुळीत डिंक असतो, मॅनिटॉल नावाची एक साखर असते, पालाश भरपूर असतं, आणि वाढीची संप्रेरकं असतात. संप्रेरक म्हणजे झाडाला "इथे मूळ फोड, इथे पान वाढव" असा निरोप देणारा पदार्थ. तो अगदी कणभर लागतो. या शेवाळाला आपल्या झाडांसारखी मुळं नसतात, खडकाला धरून राहायला नुसता पंजा असतो, आणि अन्न ते सगळ्या अंगानं पाण्यातून ओढून घेतं.

नदीतल्या शेवाळात हा मेळ नसतो. शिवाय आपल्याकडच्या नाथसागराच्या फुगवट्यात गावोगावचं सांडपाणी मिसळतं. साचलेल्या पाण्यावर निळसर-हिरवी साय दिसली तर जास्तच सावध राहा. तिच्यातले काही प्रकार विषारी असतात, ते पाणी पिऊन जनावरं दगावू शकतात. खायच्या भाजीच्या पानावर ते अजिबात नको. जलपर्णी मात्र वाया घालवू नका. फुलावर येण्याआधी काढून सुकवली तर कंपोस्टच्या खड्ड्यात चांगली कुजते.

बाटलीवरचं "केल्प" म्हणजे काय

काही बाटल्यांवर "केल्प" लिहिलेलं असतं. केल्प म्हणजे थंड समुद्रात वाढणारं मोठं तपकिरी शेवाळ. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरचं एक केल्प तर दिवसाला फूट-दीड फूट वाढतं, पाण्याखाली त्याची जंगलं असतात. आपला समुद्र उबदार, त्यामुळे भारतात खरं केल्प उगवत नाही. आपल्या किनाऱ्यावर सरगॅसम हे तपकिरी शेवाळ मिळतं, त्याला बारीक फुग्यांसारखे मणी असतात. रत्नागिरी-सिंधुदुर्गच्या खडकाळ किनाऱ्यांवर पावसाळ्यानंतर ते जोरात वाढतं आणि तुटून वाळूवर येऊन पडतं.

आयर्लंड-स्कॉटलंडच्या किनाऱ्यावरचे शेतकरी शेकडो वर्षं शेवाळ गाड्या भरभरून शेतात टाकत आले. पातळ करून पानावर मारायची रीत मात्र अलीकडची, आणि तिच्यामागे एक गंमत आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात इंग्लंडमध्ये बंगालच्या तागाची टंचाई झाली. तेव्हा शेवाळातून धागा काढता येतो का, हे पाहण्याचं काम रेजिनाल्ड मिल्टन या शास्त्रज्ञाकडे होतं. धाग्याचं काही जमलं नाही, पण त्या खटाटोपातून शेवाळ विरघळवून पातळ करण्याची पद्धत निघाली आणि बाटलीतला अर्क बाजारात आला.

आपल्या देशात हे काम कुठे चालतं ते वाचताना मला फार बरं वाटलं, कारण तिथे आपल्यासारख्याच बाया आहेत. तमिळनाडूच्या रामनाथपुरम जिल्ह्यात बचत गटांच्या महिला समुद्रात बांबूचे तराफे बांधून कॅपाफायकस नावाचं लाल शेवाळ लावतात. साधारण ४५ दिवसांत ते काढणीला येतं. ताजं शेवाळ चिरडलं की रस निघतो, तो फवारणीला जातो, आणि उरलेल्या चोथ्यातून खाद्यपदार्थ घट्ट करणारा एक डिंक काढतात. रस वेगळा काढायची ही पद्धत भावनगरच्या केंद्रीय मीठ व सागरी रसायन संशोधन संस्थेची. इफ्कोचं "सागरिका" आपल्याकडच्या कृषी सेवा केंद्रांत तुम्ही पाहिलं असेल, ते लाल आणि तपकिरी शेवाळाच्याच अर्काचं. तिथलंही सगळं सुरळीत नाही बरं का. २०१३-१४ च्या सुमारास पाणी तापल्यामुळे तराफ्यांवरचं शेवाळ मोठ्या प्रमाणावर मेलं आणि बायांचं उत्पन्न बुडालं. आपल्याकडे पाटाचं आवर्तन चुकलं की जे होतं, तेच.

त्याच भागात पांबन बेटावरच्या बाया बोटांना कापड गुंडाळून, बुडी मारून खडकावरचं शेवाळ काढतात. शेवाळ संपू नये म्हणून महिन्यातले मोजकेच दिवस समुद्रात उतरायचं, हा नियम त्यांनी आपसांत ठरवला. त्यांच्यातल्या लक्ष्मी मूर्ती यांना २०१५ साली अमेरिकेतल्या सीकॉलॉजी संस्थेचा पुरस्कार मिळाला.

हे खत नाही, हिशेब करून बघा

सगळ्यात जास्त गैरसमज इथेच आहे. "शेवाळ मारलं, आता खत नको," असं मी तीन-चार ताईंकडून ऐकलं. दुकानदारही कधी कधी तसंच सांगतात.

कागद-पेन्सिल घेऊन माझ्याबरोबर हिशेब करा. आपण १०० ग्रॅम वाळलेलं शेवाळ १ लिटर पाण्यात उकडून अर्क काढला. त्यातला २० मिली अर्क १ लिटर फवाऱ्यात घातला, म्हणजे २ ग्रॅम शेवाळाचा अंश आला. वाळलेल्या शेवाळात नत्र साधारण दीड टक्का धरू. सगळंच्या सगळं पाण्यात उतरलं असं मानलं तरी ३० मिलिग्रॅम. तो १ लिटर फवारा २५ पिशव्यांना पुरवला की एका पिशवीच्या वाट्याला जेमतेम १ मिलिग्रॅम येतं. आता एक मूठ गांडूळखत घ्या, साधारण ५० ग्रॅम. एक टक्का नत्र धरलं तरी त्यात ५०० मिलिग्रॅम होतं. ते हळूहळू मिळतं हे खरं, पण कुठे एक आणि कुठे पाचशे!

बाळंतिणीला आपण डिंकाचे लाडू देतो, पण भाकरी बंद करून नाही देत. शेवाळाचं पाणी हे त्या लाडवासारखं. पोट गांडूळखतानं, शेणखतानं, कंपोस्टनं भरायचं. लाडवानं काय होतं? मुळं फुटायला मदत होते, पुनर्लागणीचा धक्का रोप लवकर सोसतं, उन्हाच्या झळा आणि थोडाफार क्षार सहन करायला बळ येतं. हे सुद्धा दर वेळी, दर पिकात सारखं दिसत नाही.

आणखी एक. आपल्या चुनखडीच्या काळ्या मातीत नवीन पान पिवळं पडून शिरा तेवढ्या हिरव्या राहतात, त्याला आपण केवडा म्हणतो. ती लोहाची कमतरता असते, ती शेवाळानं हटत नाही. पिशवीतली खालची पानं पिवळी पडत असतील तर बहुतेक वेळा पाणी जास्त होतंय किंवा खत संपलंय. आणि रोप लांबट, लटपटीत होऊन उजेडाकडे वाकत असेल तर त्याला ऊन हवंय. तिथे वाढीचा फवारा मारून काही उपयोग नाही, पिशवी उचलून चार तास तरी ऊन लागेल अशा जागी ठेवा.

मी रोपं कशी जाळली

जानेवारीत आपली अभ्यास सहल कोकणात गेली होती. रत्नागिरीजवळच्या एका खडकाळ किनाऱ्यावर वाळूत सरगॅसमचे पुंजके पडले होते. आम्ही गोणीभर गोळा केलं. परतीच्या प्रवासात गाडीच्या डिकीतून असा वास सुटला की ड्रायव्हरदादांनी दोनदा गाडी थांबवून विचारलं, मासळी कुणी घेतलीय?

आल्यावर मी काय केलं, तर निम्मं शेवाळ तसंच, न धुता, बादलीत पाणी घालून ऑफिसच्या मागे झाकून ठेवलं. महिनाभर कुजवायचं असं कुठेतरी वाचलं होतं. ते चूक नाही, बाहेर जमिनीवरच्या झाडांच्या मुळाशी घालायला असं कुजवलेलं पाणी बरेच जण वापरतात. पण मी ते एका ताईंच्या ओसरीवर, टोमॅटोच्या कोवळ्या रोपांवर आणि मेथीवर फवारलं. तेही दुपारी बारा वाजता, आणि एकास चार पाणी घालून, कारण मला वाटलं पातळ केलं तर गुण जाईल. तिसऱ्या दिवशी रोपांच्या पानांच्या कडा कागद जाळावा तशा तपकिरी झाल्या. ओसरीवर माश्या घोंगावायला लागल्या. सासूबाईंनी उरलेली बादली उकिरड्यावर ओतली आणि मला चहा पाजून अगदी गोड शब्दांत सांगितलं की, बाळा, आता आमच्याकडे प्रयोग नको.

चुका मोजल्या तर तीन होत्या. मीठ धुतलं नाही. दाट मारलं. उन्हात मारलं. घरातल्या झाडांना यातली पहिली चूक जास्त भोवते. उघड्यावरच्या झाडाचं पान पावसानं, दवानं धुतलं जातं. ओसरीतल्या पानावर जे साचलं ते साचतच जातं.

दाट मारू नये याला आधार आहे. तमिळनाडूत समुद्री शेवाळ उकळून काढलेल्या अर्कावर बरेच प्रयोग झाले आहेत. त्यांत पुन्हा पुन्हा हेच दिसलं की कमी प्रमाणात दिलं तर उगवण आणि वाढ सुधारते, प्रमाण वाढवत गेलं की तीच वाढ खुंटते. निरोप देणारे पदार्थच ते. एकदा सांगितलं तर माणूस ऐकतो, कानात ओरडलं तर गोंधळतो.

आता जमलेली रीत

दुसऱ्या वेळी उरलेलं निम्मं शेवाळ घेतलं. ते आल्या आल्या साध्या पाण्यातून तीनदा खळबळून काढलं आणि सावलीत वाळवून ठेवलं होतं. भिजत ठेवायचं नाही, नुसतं खळबळायचं, नाहीतर मिठाबरोबर पालाशही निघून जातं. मीठ गेलं का हे कसं ओळखायचं? स्टीलच्या ताटलीत शेवटच्या धुण्याच्या पाण्याचे चार थेंब टाका, शेजारी धुवायला घेतलेल्या साध्या पाण्याचे चार थेंब टाका आणि ताटली उन्हात ठेवा. आपलं बोअरचं पाणीही पांढरा डाग सोडतं, म्हणून शेजारी साधं पाणी हवंच. दोन्ही डाग सारखे दिसले की झालं. शेवाळाच्या बाजूचा डाग जाड असेल तर आणखी एकदा खळबळा.

वाळलेलं शेवाळ हातानं चुरून १०० ग्रॅम घ्या, १ लिटर पाण्यात रात्रभर भिजवा. पाणी शक्यतो पावसाचं साठवलेलं, पाटाचं किंवा फिल्टरचं असावं. बोअरचं जड पाणी घेतलं की शेवाळातला डिंक त्यातल्या चुन्याला धरतो, चिकट गुठळ्या होतात आणि फवाऱ्याचं भोक बुजतं. सकाळी जुन्या स्टीलच्या पातेल्यात, अंगणातल्या चुलीवर मंद आचेवर ठेवा. स्वयंपाकाचं पातेलं घेऊ नका आणि घरात करू नका, वास दोन दिवस जात नाही. रटरट उकळू द्यायचं नाही, कडेला बारीक बुडबुडे येतील एवढीच आच. अर्धा-पाऊण तास, अधूनमधून ढवळत. पाणी आटलं तर थोडं घालून पुन्हा लिटरभर करा. थंड झालं की आधी चहाच्या गाळणीनं, मग जुन्या सुती धडप्यातून दोनदा गाळा. कोऱ्या चहाच्या रंगाचा, थोडा बुळबुळीत अर्क मिळतो. खाली राहिलेला चोथा गांडूळखताच्या बेडवर पातळ पसरा, गांडुळं खातात.

काही ठिकाणी यात सोडा किंवा कॉस्टिक घालायला सांगतात. कारखान्यात तसं करतात, त्यानं डिंक जास्त सुटतो. पण तिथे नंतर ते मोजून निवळतात. आपल्याकडे मोजायची सोय नाही, हात-डोळे भाजायची भीती आहे, तेव्हा नको.

हा अर्क टिकत नाही. उन्हाळ्यात दोन दिवसांत वास बदलतो. म्हणून लागेल तेवढाच करा, वाळलेलं शेवाळ बंद डब्यात कितीतरी महिने राहतं. आणि अर्क थंड पेयाच्या बाटलीत कधीच ठेवू नका. घरात लेकरं आहेत, रंग चहा-कोलासारखाच दिसतो. चिठ्ठी चिकटवलेला वेगळा डबा ठेवा.

फवारताना

१ लिटर पाण्याला २० मिली अर्क. चहाचे चार चमचे. रंग इतका फिकट होतो की वाटतं, यात काही आहे का? आहे. लहान रोपांना तर पहिल्यांदा दोनच चमचे घ्या. पाणी पानावर थांबावं म्हणून रिठ्याच्या पाण्याचे चार-पाच थेंब घातले तर चालतात.

फवारा कुठला घेता ते फार महत्त्वाचं आहे. घरातला पाठीवरचा पंप घेऊ नका. त्यात कधीतरी गवत मारायचं औषध भरलेलं असतं, कितीही धुतला तरी अंश राहतो, आणि वांगी-टोमॅटोची पानं आकसून जातात. मग दोष शेवाळाला. त्यापेक्षा नवी हात-फवारणीची बाटली गटानं एकदाच घ्या आणि तिच्यावर "फक्त शेवाळ" लिहून ठेवा.

सकाळी लवकर मारा. पानाची श्वास घेण्याची छिद्रं बऱ्याच झाडांत खालच्या बाजूला जास्त असतात, म्हणून बाटली खालून वर धरून पानाच्या पोटाला फवारा, धुक्यासारखा, ओघळ येईपर्यंत नाही. संध्याकाळी मारलं तरी चालतं, पण बंद खोलीत रात्रभर पान ओलं राहिलं तर बुरशीचे रोग येऊ शकतात, म्हणून दारं-खिडक्या थोडा वेळ उघड्या ठेवा. पत्र्याखाली मार्चपासून दुपारी जो ताव असतो त्यात फवारणी म्हणजे माझीच चूक पुन्हा. चुन्याच्या भिंतीवर डाग पडतात, पिशव्या जरा पुढे ओढून घ्या, आणि बटणाच्या बोर्डाजवळ फवारू नका.

पंधरा दिवसांतून एकदा पुरे. पालेभाजी खुडायच्या आधीचा एक आठवडा मारू नका, आणि खुडल्यावर नेहमीसारखी धुऊनच घ्या. रोपांच्या पुनर्लागणीच्या वेळी याच पातळ पाण्यात मुळं दहा मिनिटं बुडवून लावली तर माझ्या मते फवारणीपेक्षा जास्त फायदा दिसतो.

हे माझं मत कशावरून? ज्यांची रोपं जाळली त्याच ताईंनी (सासूबाईंची समजूत घालून) पुन्हा वीस पिशव्या दिल्या. दहा वांग्याच्या, दहा मिरचीच्या. प्रत्येकातल्या निम्म्यांना शेवाळाचं पाणी, निम्म्यांना त्याच दिवशी, त्याच वेळी नुसतं पाणी. माती, खत, जागा सारखी. पिशव्यांवर रंगानं खूण केली. महिन्यानं वांग्याची रोपं उपटून बघितली तर शेवाळवाल्यांना पांढरी मुळं दाट होती, आणि लावल्यावर ती लवकर सावरली. मिरचीत फरक होता म्हणायचं तर होता. नंतर मेथीवरही करून पाहिलं, तिच्यात मला काहीच दिसलं नाही, ताईंना दिसला. वीस पिशव्यांवरून काही सिद्ध होत नाही हे मला कळतं. पण निम्म्यांना नुसतं पाणी मारल्याशिवाय तुम्हाला तुमच्या ओसरीतलं सुद्धा कळणार नाही. नाहीतर उन्हाळा सरला म्हणून रोप हसायला लागतं आणि आपण बाटलीचे आभार मानतो.

शेवाळ आणायचं कुठून

कोकणात कुणाची लेक दिली असेल, कुणी देवदर्शनाला जाणार असेल, तर वाळूत वाहून आलेलं, ताजं, न सडलेलं तेवढंच उचलायचं. खडकावरचं ओरबाडायचं नाही, त्यात माशांची पिल्लं वाढतात. मालवणजवळच्या समुद्राचा काही भाग १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे, तिथलं काहीही आणू नका. बंदर, कारखाने, सांडपाण्याचा नाला यांच्या जवळचंही नको. तपकिरी शेवाळ पाण्यातलं आर्सेनिकसारखं विष अंगात साठवून ठेवतं, आणि आपण ते भाजीवर मारणार आहोत.

कुणाचं येणं-जाणं नसेल तर वाळलेल्या शेवाळाची भुकटी विकत मिळते, किंवा सरळ तयार बाटली घ्या. पाच-सहा पिशव्या असलेल्या घराला छोटी बाटली वर्षभर पुरते, चूल पेटवायची गरजच नाही. घेताना बाटलीवर कंपनीचा पूर्ण पत्ता, बॅच नंबर, तयार केल्याची आणि संपण्याची तारीख, शेवाळाचं प्रमाण आणि वापरायचं प्रमाण वाचा. पावती मागा. नुसतं "चमत्कार" आणि कणसाचं चित्र असेल तर परत ठेवा. गेल्या वर्षी आपल्याच एका गटानं दारावर आलेल्या माणसाकडून सहा बाटल्या घेतल्या. उघडल्यावर गुळाचा वास, तळाशी रंग. तो माणूस पुन्हा दिसला नाही.

आता त्या वीस हजारांचं

घरी करून घरी वापरायला कुणाची परवानगी लागत नाही. विकायचं म्हटलं की गोष्ट बदलते. फेब्रुवारी २०२१ मध्ये केंद्र सरकारनं खत नियंत्रण आदेश, १९८५ यात दुरुस्ती करून अशा वाढ-उत्तेजक उत्पादनांना त्याच्याखाली आणलं, त्यांना जैव उत्तेजक म्हणतात. समुद्री शेवाळाचा अर्क त्यात येतो. म्हणजे बाटलीवर लेबल लावून विकायची तर प्रयोगशाळेची तपासणी, पिकांवरच्या चाचण्यांची माहिती, नोंदणी, परवाना हे सगळं लागतं. ते वीस हजारांत होणारं काम नाही. परवान्याशिवाय विकलं आणि उद्या कुणाचं पीक गेलं तर तक्रार गटाच्या अध्यक्ष-सचिवांच्या नावावर येईल, आणि कर्जाचा हप्ता सगळ्या दहाजणींच्या. शिवाय कच्चा माल चारशे किलोमीटरवरून आणायचा, आणि अर्क दोन दिवसांत वास मारतो.

म्हणून त्या सचिव ताईंना मी भेटून सांगितलं की या कामासाठी कर्ज उचलू नका. त्या नाराज झाल्या. साहजिक आहे, त्यांनी बाटलीचं नावसुद्धा ठरवलं होतं. मग आम्ही दोघींनी बसून दुसरा हिशेब मांडला. वांगी-मिरची-टोमॅटोची रोपं त्यांचा गट आधीच करतो. मुळं दाट असलेली रोपं तगतात, तगली की गिऱ्हाईक परत येतं. शेवाळाचं पाणी आपल्या रोपांना वापरायचं आणि विकायची रोपं. त्यासाठी ट्रे, कोकोपीट, शेडनेटचा तुकडा एवढंच लागतं. रोपवाटिका वाढवायची झाली तर तिचेही नियम असतात, त्यासाठी नेवाशाच्या तालुका कृषी कार्यालयात आम्ही दोघी जाऊन विचारणार आहोत. मातीचं आणि केवड्याचं काही विचारायचं असेल तर दहिगाव-ने इथलं कृषी विज्ञान केंद्र जवळ आहे, राहुरीचं विद्यापीठही फार लांब नाही. फोटो काढून न्या, पान पिशवीत घालून न्या.

त्यांनी सुधारून दिलेला अर्ज येत्या बैठकीत येईल, रक्कम आता आठ हजार आहे. बाटलीवर ठरवलेलं नाव रोपांच्या ट्रेला द्यायचं का, हेही तेव्हाच ठरेल.

ऑफिसमध्ये धुऊन वाळवलेलं शेवाळ अजून पाऊण किलो शिल्लक आहे. ज्यांना करून बघायचंय त्यांनी शंभर-शंभर ग्रॅम घेऊन जावं, सोबत पिशवी आणावी. अट एकच, निम्म्या पिशव्यांना नुसतं पाणी मारायचं आणि पुढच्या महिन्यात दोन्हीतलं एक-एक रोप बैठकीला घेऊन यायचं. मेथीच्या बाबतीत माझं आणि त्या ताईंचं अजून जमलेलं नाही, तेव्हा मेथी कुणीतरी नक्की लावा.

— तुमची क्षेत्र समन्वयक